हललेला मुलगा

नौपाड्यात एखादी इमारत रिकामी होऊ लागली की रस्त्यावर आधी गाद्या येतात, मग पाळण्याच्या कड्या, लोखंडी पलंग, वेताच्या खुर्च्या आणि अगदी शेवटी फ्रेमा. ठाण्यात सध्या गल्लोगल्ली पुनर्विकास चालू आहे. तीन मजली, लांब गॅलरीच्या जुन्या इमारती पाडून तिथं टॉवर उभे राहतायत. लोक काही वर्षांसाठी भाड्याच्या घरात जातात आणि भाड्याच्या घरात भिंतीला खिळा मारू देत नाहीत. मग भिंतीवरची माणसं खाली उतरतात.

देवांच्या तसबिरींचं काय करायचं हे सगळ्यांना ठाऊक असतं. काच तडकलेली तसबीर पिंपळाच्या पारावर किंवा निर्माल्याच्या कलशापाशी ठेवायची, हात जोडायचे, मागे वळून न पाहता निघायचं. माणसांच्या फोटोंसाठी असा रिवाज नाही. आजोबांचा फोटो ठेवतात, त्याला चंदनाचा हार असतो. पण आजोबांच्या शेजारी उभा असलेला तो कोण? ती नाकात मोठी नथ घातलेली बाई कुणाची कोण? सांगणारं माणूस गेलेलं असतं. असे फोटो रद्दीत जातात. रद्दीवाला फ्रेमेचे खिळे उपसतो, सागवानी पट्ट्या एका बाजूला, काच दुसऱ्या बाजूला. लाकडाला भाव आहे, काचेलाही थोडाफार. फोटो पुठ्ठ्यासकट कागदाच्या ढिगात पडतो.

मी ते फोटो घेते आणि त्यांच्यावर चित्रं काढते.

फोटोवरून चित्र नव्हे, फोटोवरच. कुणाच्या फेट्यावर सुगरणीचा खोपा लोंबतो. चार भाऊ हाताची घडी घालून ओळीनं उभे आहेत, त्यांच्यामागून एक देवमासा कुतूहलानं डोकावतो. साठच्या दशकातलं एक लग्न आहे, नवरा-नवरी एकमेकांकडे न पाहता समोर बघतायत, नवरदेवानं मनगट मुद्दाम पुढे केलंय म्हणजे घड्याळ फोटोत यावं. त्यांच्यामागे आहेराच्या रांगेत मी खाडीतले रोहित पक्षी उभे केले. ऐरोलीच्या पुलावरून दिसतात तसेच, एका पायावर. प्रत्येकाच्या चोचीत पाकीट. करड्या फोटोत तो गुलाबी रंग पहिल्यांदा उतरला तेव्हा मी ब्रश खाली ठेवून बराच वेळ नुसती बघत बसले होते.

लोक विचारतात, हे कशासाठी? दुसऱ्याच्या फोटोशी असा खेळ का करायचा? प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर मी मनाशी पुष्कळदा जुळवलं आहे. त्यासाठी आधी त्या फोटोंकडेच नीट बघावं लागेल.

फोटो म्हणजे पुरावा, असं आपण धरून चालतो. पण जुन्या स्टुडिओतला एखादा फोटो हातात घ्या आणि माणसावरची नजर काढून त्याच्या मागे बघा. संगमरवरी खांब आहेत. खांबांच्या मधून पायऱ्या खाली उतरतात, त्या एका तळ्यापाशी जातात, तळ्यात हंस आहेत, वर चंद्र आहे. आता खाली बघा. पायऱ्या जमिनीपाशी आल्या की एकदम संपतात आणि सतरंजीची झालर सुरू होते. हा पडदा आहे. कापडावर काळा-पांढरा-तपकिरी एवढ्याच रंगांत काढलेला, कारण फोटोत दुसरे रंग येणारच नव्हते. बाजूला नक्षीचं टेबल, टेबलावर फुलदाणी आणि एक जाड पुस्तक, जे फोटो काढणाऱ्या प्रत्येकाच्या हाताखालून गेलेलं. स्टुडिओत कोट असायचा, टोपी असायची, कधी टायही असायचा. कोटाच्या बाह्या बोटांवर आलेल्या दिसल्या की समजावं, कोट स्टुडिओचा आहे. दहा बाय दहाच्या खोलीत राहणारा माणूस महालाच्या पायऱ्यांवर उभा राहून गेला. त्यासाठी त्यानं पदरचे पैसे मोजले.

त्याला कुणी फसवलं नव्हतं आणि तोही कुणाला फसवत नव्हता. गावी फोटो पाठवला तेव्हा तिथल्या सगळ्यांना माहीत होतं की पोराला मुंबईत महाल मिळालेला नाही. तरी तो फोटो कौतुकानं भिंतीवर लागला. हे पडदे रंगवणारे हात आणि संगीत नाटकांचे पडदे रंगवणारे हात एकाच परंपरेतले. महालाचा पडदा, रस्त्याचा पडदा, जंगलाचा पडदा. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर आणि त्यांचे नात्यातले भाऊ आनंदराव असेच नाटकांचे पडदे रंगवता रंगवता सिनेमाकडे वळले. त्याआधी दादासाहेब फाळक्यांनी गोध्र्याला फोटोग्राफीचा व्यवसाय करून पाहिला होता. कॅमेरा आणि कुंचला आपल्याकडे पहिल्यापासून हातात हात घालून चालले आहेत. तेव्हा मी जे करते ते फोटोवर बाहेरून लादलेलं आहे असं मला वाटत नाही. गोष्ट तिथं आधीपासून सुरू झालेली असते. पडदा रंगवणाऱ्यानं ती अर्ध्यावर सोडलेली असते, आणि त्याच्यापुढे उभं राहिलेल्या माणसानं तिला होकार दिलेला असतो.

माझ्याकडे एक शाळेचा फोटो आहे. रद्दीच्या गठ्ठ्यात दोन वह्यांच्या मध्ये अडकलेला, आठ इंच बाय सहा इंच, एक कोपरा वाळवीनं खाल्लेला. वर्गाचा ग्रुप फोटो. मधोमध खुर्चीवर मास्तर, धोतर, कोट, काळी टोपी, हात गुडघ्यांवर. त्यांच्या दोन्ही बाजूंना बाकांवर मुलं, पुढे मांडी घालून बसलेली लहान मुलं, मागे उभी असलेली थोराड. पुढच्या एकाच्या मांडीवर पाटी आहे. तिच्यावर खडूनं इयत्ता लिहिलेली दिसते, तिच्याखालचं साल पुसट झालं आहे. मागे शाळेची भिंत आणि उजव्या वरच्या कोपऱ्यात कौलांचा एक तुकडा.

तिसऱ्या ओळीत डाव्या टोकाला एक मुलगा हललेला आहे.

असा मुलगा बहुतेक प्रत्येक जुन्या ग्रुप फोटोत सापडतो आणि त्याचं कारण साधं आहे. पुढच्या ओळीपासून मागच्या ओळीपर्यंत सगळे चेहरे स्वच्छ यायला हवेत म्हणून फोटोग्राफर भिंगाचं छिद्र बारीक करतो. छिद्र बारीक केलं की उजेड कमी येतो, मग ते जास्त वेळ उघडं ठेवावं लागतं. तेवढा वेळ सगळ्यांनी श्वास धरून बसायचं. ‘हलू नका’ हे वाक्य त्या काळातल्या प्रत्येक मुलानं ऐकलं असणार. मास्तर हलले नाहीत. पाटीवाला हलला नाही. हा एकटा हलला.

मी भिंग लावून त्याचा चेहरा पाहिला. एकदा नव्हे, रोज थोडा थोडा. त्याला दोन नाकं आहेत. एक समोर बघणारं आणि त्यातून निघालेलं दुसरं, फिकट, त्याच्या डावीकडे आणि थोडं वर. म्हणजे तो सुरुवातीला कॅमेऱ्याकडे बघत होता, बाकीच्यांसारखाच. मग मध्येच त्याला काहीतरी दिसलं आणि त्यानं मान वळवली. वर, कौलांच्या दिशेनं. छिद्र मिटलं तेव्हा तो अजून तिकडेच बघत होता. मास्तरांचा धाक, फोटोग्राफरची ताकीद, घरून तेल लावून चापून बसवलेला भांग, हे सगळं असताना त्याला राहवलं नाही असं त्या कौलांवर काय होतं?

या प्रश्नापासून माझं काम सुरू होतं. रंग त्यानंतर येतात.

माकड असेल, हे पहिलं मनात आलं. येऊरचं जंगल आहे, माकडं कौलांवर येतातच. पण माकड आलं असतं तर आणखी चार मुलं वळली असती. फक्त याच एकाला दिसलं. म्हणजे ते जे काही होतं ते फक्त याच्यासाठी होतं. कौलांच्या तुकड्याकडे बघत राहिले तेव्हा लक्षात आलं की पन्हळींच्या रेघा दोन दोन समांतर जातायत, रुळांसारख्या. मग दुसरं काही सुचणं शक्यच नव्हतं. आपण ठाण्याची माणसं. 16 एप्रिल 1853 ला बोरीबंदरहून सुटलेली गाडी जिथं येऊन थांबली तिथले. मी कौलांवरून ती गाडी नेली. साहिब, सिंध, सुलतान अशी तीन इंजिनं आणि मागे चौदा डबे. सगळी गाडी मिळून माझ्या करंगळीच्या पेराएवढी. त्या दिवशी गाडीत चारशेच्या आसपास पाहुणे होते, तेवढे काही मावले नाहीत, पण खिडक्यांमधून पगड्यांचे लाल ठिपके दिसतात. एक पाहुणा हात हलवतो आहे. धूर फोटोच्या वरच्या किनारीपर्यंत जातो आणि तिथं वाळवीनं खाल्लेल्या कोपऱ्यात विरतो.

मुलाच्या चेहऱ्याला मी हात लावला नाही. तो आहे तसाच, दोन नाकांचा. पण आता त्या फोटोकडे बघणारा कुणीही आधी गाडी बघतो, मग गाडीकडे कोण बघतंय हे शोधतो आणि त्याच्यापाशी येऊन थांबतो. ग्रुप फोटोत बिघडलेला म्हणून ज्याला त्याच दिवशी बोलणी खावी लागली असतील, तो आता फोटोतला सगळ्यात महत्त्वाचा माणूस आहे.

हे काम मला का धरून ठेवतं ते या फोटोत आहे. त्याच्या आईनंसुद्धा तो फोटो इतका वेळ पाहिला नसेल. फोटोत नसलेली गोष्ट आणायची तर असलेली प्रत्येक गोष्ट आधी माहीत करून घ्यावी लागते: उजेड कुठून येतो, सावली कोणत्या बाजूला पडते, कुणाची मूठ वळलेली आहे, कुणाच्या सदऱ्याचं एक बटण दुसऱ्या दोऱ्यानं शिवलंय. सदऱ्याच्या कॉलरची पद्धत कधीची, नऊवारीचा काठ तसा कधी नेसत, हे कळावं म्हणून मी मराठी ग्रंथसंग्रहालयात जाऊन जुने अंक चाळते. 1893 पासूनची ती संस्था ठाण्यात आहे हे माझ्यासारखीचं केवढं भाग्य. जुन्या अंकांतल्या साबणाच्या आणि केशतेलाच्या जाहिरातींमधून कपड्यांबद्दल जितकं शिकायला मिळतं तितकं कुठेच मिळत नाही.

आता रंगांबद्दल. जुने काळे-पांढरे फोटो जिलेटिनच्या थरावर असतात. जिलेटिन पाणी पितं आणि फुगतं. जास्त ओला ब्रश टेकवला की थर मऊ होतो, त्यावर बोट लागलं तर ठसा कायमचा. उलट चकचकीत फोटोवर पाण्याचा रंग ठरतच नाही, थेंब होऊन घसरतो. रिटचिंग करणारे जुने कारागीर ब्रशचं टोक जिभेवर ओलं करायचे, तेवढाच ओलावा पुरतो. मी रंगात थोडा डिंक घालते. पारदर्शक रंग वापरत नाही, पोस्टर रंगासारखा झाकणारा रंग घेते, कारण मला फोटोतल्या वस्तूंना रंग द्यायचा नसतो, नवी वस्तू आणून ठेवायची असते. ब्रश अगदी बारीक, तीन शून्यांचा. पावसाळ्यात ठाण्याच्या हवेत फोटोला बुरशी धरते, म्हणून जून ते सप्टेंबर मूळ फोटो बाहेर काढत नाही, डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवते.

मूळ फोटोवर रंगवावं की नाही, याबद्दल माझं मत ठाम आहे. दुर्मीळ असेल तर नाही. एकोणिसाव्या शतकातले फोटो कधीमधी हाती लागतात. अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा थर दिलेल्या पातळ कागदावर छापून जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेले, पिवळटलेले, खाली सोनेरी अक्षरात स्टुडिओचं नाव. 1854 मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली, ठाण्याला गाडी आली त्याच्या पुढच्याच वर्षी. भाऊ दाजी लाडांचे बंधू डॉ. नारायण दाजी त्या सोसायटीच्या कार्यकारी मंडळात होते आणि स्वतः फोटो काढत. त्या पहिल्या पिढीतल्या कुणाच्या हातचा कागद आपल्याकडे आला तर त्यावर ब्रश चालवायचा अधिकार मला नाही. असा फोटो मी स्कॅन करते, जाड मॅट कागदावर छापून घेते आणि त्या छापावर रंगवते. मूळ फोटो आम्लरहित कागदात गुंडाळून ठेवते. रद्दीतला साधा, फाटका, पाणी लागलेला फोटो असेल तरच थेट त्यावर, आणि तोही आधी स्कॅन करून. एकदा रंग बसला की तो काढता येत नाही.

माझ्याआधी हे करणारे पुष्कळ होऊन गेले, याचा मला आधार वाटतो. व्हिक्टोरियाच्या काळात इंग्लंडमधल्या खानदानी बायका नातेवाइकांचे फोटो कापून जलरंगातल्या चित्रांवर चिकटवायच्या. केट गॉफ नावाच्या बाईच्या आल्बममध्ये तळ्यात पोहणाऱ्या बदकांना माणसांची डोकी आहेत. जर्मन चित्रकार गेऱ्हार्ड रिश्टर आपल्या साध्या घरगुती फोटोंवर उरलेला तैलरंग फासायचा, अर्धा फोटो रंगाखाली जायचा, उरलेला तेवढ्यानं जिवंत व्हायचा. पण मला सगळ्यात जवळचे वाटतात ते राजस्थानातल्या नाथद्वाऱ्याचे चित्रकार. श्रीनाथजींपुढे, म्हणजे तिथल्या मंदिरातल्या श्रीकृष्णापुढे, आपलं सगळं कुटुंब हात जोडून उभं आहे असं चित्र भाविक करवून घ्यायचे. फोटो आल्यावर चित्रकारांनी काय केलं, तर फोटोतले चेहरे कापून चित्रात चिकटवले आणि अंग, दागिने, अंगरखे, मंदिर, गायी सगळं रंगवलं. चेहरा कॅमेऱ्याचा आणि बाकी सगळं कुंचल्याचं. शेटजी त्या दिवशी त्या उत्सवाला गेले होते का, हे कुणी विचारत नसे. तिथं असण्याची त्यांची इच्छा होती, आणि चित्रात ती पुरी झाली. उदयपूरचे राजेश सोनी आजही फोटोंवर हातानं रंग भरतात, वास्वो एक्स. वास्वो या मूळच्या अमेरिकन कलाकारासोबत त्यांनी केलेलं काम मी पुन्हा पुन्हा पाहते.

याच्या उलट, फोनवर जुना फोटो टाकला की रंगीत होऊन मिळतो, डोळे मिचकावतो, हसतो, ते मला बघवत नाही. तिथं कल्पना केलेली असते पण ती खरी म्हणून हातात दिली जाते. जुन्या कॅमेऱ्यांतल्या काचेच्या निगेटिव्हना लाल रंग जवळजवळ दिसतच नसे, तो काळा यायचा. निळा उलट फिकट पांढरा यायचा. म्हणून जुन्या फोटोत बायकांच्या कपाळावरचं कुंकू काळंभोर दिसतं. त्या करड्या छटेवरून साडी लाल होती की गर्द हिरवी, हे कुठल्याही यंत्राला नक्की सांगता येणार नाही. पण ॲप साडीला एक रंग देतं आणि नातवंडं म्हणतात, पणजीची साडी जांभळी होती. पुढच्या पिढीला तेच खरं वाटणार. माझ्या कौलांवरच्या आगगाडीला असं कुणी खरं मानणार नाही. गाडी गाडीच्या जागी राहते, शाळा शाळेच्या जागी.

माझे काही नियम आहेत. चेहऱ्यावर आणि अंगावर रंग नाही. कुणी हसत नसेल तर त्याला हसवायचं नाही. कुणाला शिंगं-शेपट्या लावायच्या नाहीत, कुणाचं हसं होईल असं काही नाही. त्यांनी मला परवानगी दिलेली नाही आणि देऊही शकत नाहीत, म्हणून जबाबदारी सगळी माझी. फोटोच्या मागे नाव लिहिलेलं असेल तर मी रंगवत नाही. नाव आहे म्हणजे शोधणारं कुणीतरी असू शकतं. एका फोटोच्या मागे मोडीत दोन ओळी होत्या, त्या जाणकाराकडून वाचून घेतल्या. नाव, गाव, आणि ‘प्रकृती ठीक आहे, काळजी नसावी’. तो फोटो मी तसाच ठेवला आहे. त्याला आणखी गोष्टीची गरज नव्हती.

गेल्या दिवाळीत आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये रांगोळ्यांसोबत माझी काही चित्रं मांडली. बघायला येणारे आगगाडीपाशी थांबायचे, मुलं रोहित पक्षी मोजायची. पहिल्या मजल्यावरच्या आजी आल्या. त्यांची इमारत पाडायला काढल्यापासून त्या इथं भाड्यानं राहतात. त्या बाकी कशापाशी थांबल्या नाहीत, एका स्टुडिओतल्या फोटोपाशी गेल्या. त्यात पागोटं घातलेले एक गृहस्थ आहेत आणि त्यांच्या मागच्या रंगवलेल्या तळ्यातून मी एक कासव बाहेर काढलंय. आजींनी कासवाकडे बघितलं नाही, गृहस्थांकडेही नाही. पडद्यावर बोट ठेवलं.

“हा पडदा आमच्यातलाच आहे गं. आमच्या ताईचा फोटो ह्याच पडद्यापुढे काढलाय. हा हंस बघ, एका हंसाची मान तुटकी आहे.”

खरंच तुटकी होती. कापडाची घडी पडून तिथला रंग उडाला असावा. मी तो फोटो कितीतरी वेळा भिंगाखाली घातला होता, पण तो पडदा दुसऱ्या कुणाच्या घरात दुसऱ्या माणसामागे असेल, हे मनात आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आजी फोटो घेऊन आल्या. तोच पडदा, तोच हंस. पुढे खुर्चीवर नऊवारी नेसलेली एक मुलगी, पाठ ताठ, दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर घट्ट. आजींची मोठी बहीण. एकोणिसाव्या वर्षी विषमज्वरानं गेली. तिला सायकल शिकायची फार हौस होती, वडिलांनी शिकू दिली नाही.

“सायकल काढशील?”

मी लगेच हो म्हटलं नाही. अनोळखी माणसांच्या बाबतीत गोष्ट माझी असते, इथं ती आजींची होती. शिवाय माझा नियम आड येत होता. मुलगी बसलेली आहे, तिला सायकलवर बसवायचं तर पाय हलवावे लागणार, साडी हलवावी लागणार. शेजारी सायकल नुसती टेकवून ठेवली तर चालेल का, असं विचारलं. आजी म्हणाल्या, “टेकवून तर दारात होतीच गं, भावाची. ती बघतच तर गेली.”

तेव्हा मी फोटो स्कॅन करून मॅट कागदावर तीन प्रती काढल्या, मूळ फोटो त्यांच्या हवाली केला आणि चार-पाच दिवस नुसती त्या खुर्चीकडे बघत बसले. हात खुर्चीच्या हातांवर ज्या पद्धतीनं धरलेत, बोटं खाली वळलेली, अंगठा वर, ते हँडल धरल्यासारखंच होतं. मग मी मुलीला कुठंच हलवलं नाही. खुर्चीला चाकं लावली. पुढे एक, मागे एक, आऱ्यांची, चेन, पायडल, खुर्चीच्या दोन्ही हातांना पुढे वळवून हँडल.

आजी रोज दुपारी जेवणं आटोपली की यायच्या आणि शेजारी बसायच्या. मी ब्रश उचलला की सूचना सुरू. हिरवी कर, भावाची काळी होती, हिची हिरवीच हवी. मागे कॅरियर नको, कॅरियरवर कुणीतरी बसायला मागतं. चेनला झाकण लाव, नाहीतर काठ अडकेल. हँडलवर घंटी पाहिजे, डाव्या हाताला, ताई डावरी होती. घंटी काढली तर म्हणाल्या, जरा मोठी कर, आमचा रस्ता गर्दीचा होता.

सगळं झालं तेव्हा त्यांनी फोटो लांब धरून पाहिला, जवळ आणून पाहिला. मग पडद्याकडे बोट दाखवलं.

“पण ही जाणार कुठून? मागे पायऱ्या आहेत.”

होत्या खऱ्या. मी म्हटलं, “आजी, त्या पडद्यावरच्या आहेत.”

“असू देत. पायऱ्यांवरून सायकल कशी जाईल? उतार कर.”

मी पायऱ्यांच्या एका बाजूनं उतार केला. खाली तळ्याकाठानं वाट काढली, ती वाट फोटोच्या बाहेर जाते. तुटक्या मानेचा हंस तसाच ठेवा असं त्यांनी बजावलं, तो खूण आहे म्हणाल्या.

आता त्यांनी आणखी एक फोटो आणला आहे, यजमानांचा. पासपोर्ट साइजवरून मोठा करून घेतलेला, चष्मा, करारी चेहरा. टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, “ह्यांच्यावर काही काढू नकोस हां. ह्यांना नाही आवडायचं. नुसता दाखवायला आणलाय.”

मी तो उजेडाकडे नीट फिरवून ठेवला आणि चहा टाकायला आत गेले. कपबशा घेऊन परत आले तर आजी माझं भिंग घेऊन फोटोवर वाकल्या होत्या.

“छत्री दे एक हातात,” मान वर न करता म्हणाल्या. “रोज कुठंतरी विसरून यायचे.”